निमित्त ऋतूचे, कारण राहणीचे

प्रस्तावना

हिवाळ्यात रक्तातले कोलेस्टेरॉल थोडे वाढते. हृदयविकाराचे झटकेही हिवाळ्यातच जास्त येतात. ही दोन वाक्ये एकापाठोपाठ वाचली की तिसरे आपोआप ओठांवर येते: थंडीत कोलेस्टेरॉल वाढते, म्हणून झटके येतात. पहिली दोन वाक्ये खरी आहेत, तिसरे खरे नाही. ते का खरे नाही हे पाहू लागलो की कोलेस्टेरॉल, ऋतू आणि आपली रोजची राहणी यांचे नाते उलगडत जाते. या पुस्तकाचा विषय तोच आहे.

आधी आकडे पाहू. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात वुस्टर नावाचे शहर आहे. थंडी कडाक्याची. तिथल्या ५१७ निरोगी स्त्री-पुरुषांचे रक्त वर्षभर, ऋतू बदलेल तसे तपासले गेले आणि त्या अभ्यासाचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. पुरुषांचे एकूण कोलेस्टेरॉल सरासरी २२२ होते, ते डिसेंबरात सर्वांत वर गेले. स्त्रियांचे सरासरी २१३, त्यांचा उच्चांक जानेवारीत. (हे आकडे दर डेसिलिटरमागे मिलिग्रॅमचे, आपल्याकडच्या रिपोर्टवर असतात तेच.) चढउतार मात्र अगदी लहान होता: पुरुषांत सुमारे ४, स्त्रियांत सुमारे ५. त्यातला बराचसा भाग आहारामुळे नव्हे, तर रक्तातल्या पाण्यामुळे होता. उन्हाळ्यात शरीर उष्म्याशी जुळवून घेताना पाणी धरून ठेवते, रक्तातला द्रवभाग वाढतो आणि कोलेस्टेरॉल विरळ होते. थंडीत द्रवभाग कमी झाला की तेच दाट दिसते. आमटीत पाणी वाढवले की मीठ कमी लागते, पण पातेल्यातले मीठ तेवढेच असते; तसाच हा प्रकार. तरीही या छोट्या फरकाचा एक परिणाम लक्षात ठेवण्याजोगा होता. २४०ची रेषा ओलांडणाऱ्यांची संख्या उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यात २२ टक्क्यांनी जास्त भरली. रेषेच्या अलीकडे-पलीकडे असलेला माणूस केवळ तपासणीचा महिना बदलल्यामुळे ‘नॉर्मल’चा ‘हाय’ होऊ शकतो.

आता दुसरे टोक. कॅलिफोर्नियातल्या लॉस एंजेलिस परगण्यात, डोंगरमाथे सोडले तर, बर्फ पडत नाही. तिथली थंडी साधारण आपल्या पुण्या-नाशिकसारखीच. तिथल्या बारा वर्षांतल्या २ लाख २० हजारांहून अधिक हृदयमृत्यूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा जून ते सप्टेंबरच्या तुलनेत डिसेंबर-जानेवारीत सरासरी ३३ टक्के अधिक मृत्यू आढळले. हा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. एकीकडे कोलेस्टेरॉलमधला ४-५ मिलिग्रॅमचा फरक आणि दुसरीकडे मृत्यूंमधली एक तृतीयांश वाढ. एवढ्याशा फरकाच्या डोक्यावर एवढे मोठे ओझे ठेवता येत नाही. थंडी हृदयावर घाला घालते, पण वेगळ्या वाटेने.

ती वाट एका डिसेंबरच्या पहाटे पाहता येईल. साठी ओलांडलेले एक गृहस्थ सहा वाजता पांघरूण दूर करतात, अर्धा कप चहा घेतात आणि टेकडीकडे निघतात. रात्रभर पाणी पोटात गेलेले नाही. झोपेतून उठल्याबरोबर शरीरात अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल वाढू लागलेले असते. झटक्यांचे प्रमाण सकाळी सहा ते दुपारी बारा या वेळात अधिक असते, हे १९८५पासून नोंदले गेले आहे. बाहेर पडताच गार वाऱ्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या आखडतात, कारण शरीराला ऊब आत राखायची असते. वाट अरुंद झाली की रक्तदाब चढतो आणि हृदयाला जोर वाढवावा लागतो. थंडीत रक्त दाट होते, गुठळी होण्याकडे त्याचा कल वाढतो. हवा स्थिर असल्याने वाहनांचा आणि रात्रभर पेटलेल्या शेकोट्यांचा धूर जमिनीलगतच साचलेला असतो, आणि नेमका तोच श्वास भरभरून घेतला जातो. त्यात चार दिवसांपूर्वीच फ्लूने गाठलेले असेल तर भर पडते: कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तपासणीत फ्लू निघाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात झटक्याचे प्रमाण सहापट आढळले होते. एवढे सगळे अंगावर घेऊन गृहस्थ चढ चढू लागतात.

याच वाटेवर रोज शेकडो माणसे असतात आणि बहुतेकांना काहीही होत नाही. ज्याच्या हृदयाच्या धमन्या स्वच्छ आहेत त्याला ही पहाट आल्हाददायक वाटते. ज्याच्या धमनीत आधीच थर साचलेला आहे, त्याच्या बाबतीत रक्तदाबाच्या एका उसळीने त्या थराला चीर पडू शकते, चिरेवर गुठळी धरते आणि वाट बंद होते. थंडीचे काम शेवटच्या काही मिनिटांचे. थर साचायला मात्र तीस-चाळीस वर्षे लागलेली असतात आणि त्या वर्षांत सगळे ऋतू येऊन गेलेले असतात. म्हणूनच या पुस्तकाचे म्हणणे एका ओळीत सांगायचे तर: ऋतू निमित्त होतो, कारण राहणीत असते.

थर किती लवकर साचू लागतो याचा पहिला धक्का वैद्यकाला १९५३ साली बसला. कोरियाच्या युद्धात मेलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या हृदयांची तपासणी झाली. सरासरी वय २२. त्यांतल्या ७७ टक्के तरुणांच्या हृदयधमन्यांत विकाराच्या खुणा सापडल्या. यांतला कोणीही आजारी नव्हता. उलट बाजूचा पुरावा २००६ साली पुढे आला. काही माणसांत एका जनुकातल्या बदलामुळे एलडीएल, म्हणजे धमनीत थर धरणारे कोलेस्टेरॉल, जन्मापासूनच कमी असते. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या एका गटात ते सरासरी २८ टक्क्यांनी कमी होते. हृदयविकाराचे प्रमाण मात्र तब्बल ८८ टक्क्यांनी कमी निघाले. मधल्या वयात औषधाने तेवढेच एलडीएल उतरवले तर एवढा फायदा दिसत नाही. फरक वर्षांचा आहे. कोलेस्टेरॉल किती आहे याइतकेच ते किती वर्षे तसे राहिले, यालाही महत्त्व आहे.

कोलेस्टेरॉलवरचा आळ फार जुना. १९१३ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय अनिचकोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या धमन्यांत थर तयार करून दाखवला. ससा शाकाहारी, माणूस तसा नाही, म्हणून ते काम बरीच वर्षे बाजूला पडले. १९४८ साली फ्रेमिंगहॅम या मॅसॅच्युसेट्समधल्याच गावात ५,२०९ जणांची नोंद करून त्यांचा दीर्घकाळ पाठपुरावा सुरू झाला, आणि उच्च रक्तदाब, कोलेस्टेरॉल, तंबाखू यांची नावे हृदयविकाराच्या यादीत पक्की झाली. यकृताच्या पेशी रक्तातले एलडीएल कसे उचलून घेतात हे उलगडणाऱ्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५चे नोबेल मिळाले. जपानच्या अकिरा एन्डो यांनी सत्तरच्या दशकात एका बुरशीतून काढलेल्या द्रव्यापासून कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांचे घराणे सुरू झाले. हे कोलेस्टेरॉल मुळात शत्रू नाही. पेशींचे आवरण, पित्त, काही संप्रेरके यांच्यासाठी ते लागतेच आणि त्यातले बहुतेक शरीर स्वतःच बनवते. त्यामुळे अंड्याच्या बलकावर सगळा राग काढण्यात अर्थ नसतो. ताटातल्या संपृक्त चरबीचा एलडीएलवर होणारा परिणाम त्याहून मोठा आहे.

आपल्या रक्ताची तऱ्हा मात्र थोडी वेगळी आहे. पाश्चात्त्य पुस्तकांत एलडीएलची चर्चा जास्त असते. भारतीयांत एलडीएल फार उंच नसतानाही ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, चढलेले आणि एचडीएल, म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल, घसरलेले, अशी जोडी सर्रास दिसते. पोटाचा घेर, भात-पोळी-साखरेचा भरणा आणि बैठे काम यांच्याशी तिचे जवळचे नाते आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत (२०२३) सुमारे ८१ टक्के प्रौढांच्या रक्तातल्या चरबीत कुठला ना कुठला बिघाड आढळला. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासाच्या आकड्यांनुसार दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी येतो. इतरांना तो जवळजवळ सहा वर्षे उशिरा येतो. त्याच अभ्यासाने २००४ साली हेही दाखवले की नऊ गोष्टी, म्हणजे रक्तातली चरबी, तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळे-भाज्यांची वानवा, दारू आणि व्यायामाचा अभाव, मिळून जगभरातल्या पुरुषांतल्या पहिल्या झटक्यांच्या जोखमीचा सुमारे ९० टक्के हिशेब लावतात. ऋतूचे नाव या नवांत नाही. पण या नवांपैकी बहुतेक गोष्टी ऋतूबरोबर हलतात.

त्या कशा हलतात ते एका रिपोर्टवर करून पाहू. समजा, सप्टेंबरमध्ये एका बाईंचा रिपोर्ट आला: एकूण कोलेस्टेरॉल २१०, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड १९०. बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल थेट मोजत नाहीत. १९७२ साली फ्रीडवॉल्ड आणि सहकाऱ्यांनी दिलेल्या सूत्राने काढतात. ट्रायग्लिसराइडला पाचाने भागले की व्हीएलडीएल, म्हणजे ट्रायग्लिसराइड वाहणाऱ्या कणांतले कोलेस्टेरॉल, इथे ३८. एकूणातून एचडीएल आणि व्हीएलडीएल वजा केले की एलडीएल, इथे १३४. आता दिवाळी झाली. चकल्या, शंकरपाळे, करंज्या, पाहुण्यांकडचे फराळ, फिरायला जाणे बंद. नोव्हेंबरात पुन्हा तपासणी: एकूण २२२, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड २९०. व्हीएलडीएल झाले ५८ आणि एलडीएल १२६. म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल आठाने उतरले! बाई खूश. पण एकूणातून फक्त एचडीएल वजा करून पाहिले, तर सप्टेंबरात १७२ होते आणि नोव्हेंबरात १८४ झाले. धमनीला त्रास देणारे सगळे कण या आकड्यात येतात आणि तो वाढला आहे. सुधारणा कागदावरच्या वजाबाकीत झाली, रक्तात नव्हे. ट्रायग्लिसराइड ४००च्या वर गेले तर हे सूत्र वापरतच नाहीत. रिपोर्टवर बहुधा ‘नॉन-एचडीएल’ अशी वेगळी ओळ असते. नसली तरी वजाबाकी प्रत्येकाला येते.

महाराष्ट्राच्या वर्षाकडे या नजरेने पाहिले तर एक गोष्ट स्पष्ट होते: आपले खाण्याचे पंचांग अंगमेहनतीच्या हिशेबाने बसवलेले होते. हिवाळ्यात बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा, भोगीची भाजी, तीळगूळ, हुरडा, बाळंतिणीबरोबर घरालाही मिळणारे डिंकाचे आणि अळिवाचे लाडू. हे खाणारा माणूस पहाटे मोटेवर किंवा रब्बीच्या शेतात असायचा, बाई जात्यावर. आजही ऊसतोडीला निघालेली माणसे कार्तिकापासून चैत्रापर्यंत कोयता चालवतात, मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवतात. त्यांच्या ताटातल्या भाकरीचा हिशेब जागच्या जागी चुकता होतो. शहरातला माणूस तेच लाडू खाऊन गाडीत बसतो. शिवाय आता हे सगळे ऋतूपुरतेही राहिलेले नाही. चकली बारा महिने पाकिटात मिळते. दिवाळीचा फराळ आषाढातही चहाबरोबर असतो. पंचांगातले सण जिथल्या तिथे राहिले, त्यांच्यामधले साधे दिवस तेवढे गेले.

आयुर्वेदाच्या ऋतुचर्येचे नाव घेऊन अनेकजण हिवाळ्यातल्या स्निग्ध आहाराचे समर्थन करतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सहावा अध्याय आणि वाग्भटाच्या अष्टांगहृदयातला तिसरा अध्याय या विषयाचे आहेत. हेमंतात जठराग्नी प्रखर असतो, म्हणून पचायला जड आणि स्निग्ध अन्न चालते. पावसाळ्यात तो मंदावतो, म्हणून हलके घ्यावे, असा त्यांचा रोख आहे. या ग्रंथांत कोलेस्टेरॉल शोधणे किंवा त्यांच्यावर ते लादणे, दोन्ही अप्रस्तुत. पण एवढे जरूर पाहावे की वाग्भटाने त्याच हेमंतात अभ्यंगाबरोबर कुस्तीही सांगितली आहे. आपण लाडू ठेवले आणि कुस्ती सोडली.

पावसाळ्यात तर एकाच राज्यात दोन वेगळी शरीरे दिसतात. कोकणात आणि मावळात भातलावणीला माणसे दिवसभर गुडघाभर चिखलात वाकलेली असतात. वर्षातला सर्वांत कष्टाचा काळ तोच. वारकरी आळंदीहून पंढरपूरपर्यंतची सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट चालत असतात. त्याच आठवड्यांत शहरात मैदाने चिखलाची, फुटपाथ पाण्याखाली, संध्याकाळचे फिरणे बंद, आणि खिडकीशी कांदाभजी. आषाढ तळण्याची प्रथा आहेच, मग अमावास्येची ‘गटारी’, आणि त्यानंतर श्रावण. श्रावणाने ही घडी बसायला हवी, पण ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याच लोकांनी केली आहे. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. त्याला तूप, शेंगदाण्याचे कूट, बटाटा, वर तळलेल्या पापड्या, आणि दुपारी गोड दही किंवा खजूर. शेंगदाणा वाईट नाही, मूठभर चांगलाच. पण उपवासाच्या दिवशी ट्रायग्लिसराइड इतर दिवसांपेक्षा वर जावे, ही गंमत करण्यासारखी गोष्ट नव्हे. भगर, राजगिरा, काकडी, ताक, फळ यांवर काढलेला उपवास वेगळा पडतो.

पावसाळ्याची दुसरी बाब तापांची. डेंग्यू, चिकुनगुन्या, फ्लू यांच्या दिवसांत आणि नंतरचे काही आठवडे कोलेस्टेरॉलचे आकडे विश्वासाचे राहत नाहीत. तीव्र संसर्गात एलडीएल उतरते आणि ट्रायग्लिसराइड चढते. ताप उतरल्यावर ‘सगळ्याच तपासण्या करून टाकू’ म्हणून केलेल्या लिपिड प्रोफाइलवर कोणतीही गोळी सुरू किंवा बंद करू नये.

उन्हाळ्यात रक्तदाब सहसा थोडा खाली असतो, कोलेस्टेरॉलही किंचित उतरलेले दिसते. म्हणून तो निर्धोक मानला जातो. विदर्भात मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो तेव्हा ही समजूत उलटते. घाम गाळून शरीर थंड ठेवायचे तर हृदयाला कातडीकडे जास्त रक्त पाठवावे लागते, ठोके वाढतात. पाणी कमी पडले की रक्त दाट होते. अहमदाबादेत मे २०१०च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ अधिक मृत्यू झाले आणि २०१३ साली त्या शहराने उष्णतेशी सामना करण्याची योजना आखली. नंतर नागपूरनेही ती वाट धरली. ज्यांना बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी आहे, त्यांनी उन्हाळा सुरू होताच डॉक्टरांशी बोलून मात्रा तपासून घ्यावी. पन्हे आणि कोकम सरबत जरूर प्यावे, साखरेकडे लक्ष ठेवून. आमरसाच्या वाटीबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. ती वाटीच राहिली, तिच्याबरोबर चार पुऱ्या आणि दुपारची झोप आली नाही, म्हणजे झाले.

ऋतूंचा हिशेब झाला, तरी थर साचवणारी खरी खाती बारमाही असतात. पहिले खाते तेला-तुपाचे. तुपात साठ टक्क्यांच्या आसपास संपृक्त चरबी, पाम तेलात निम्मी, खोबरेल तेलात नव्वदच्या घरात. शेंगदाणा आणि करडईत ती बरीच कमी. घरी तूप जपून वाढणारा माणूस बाहेरचे फरसाण कोणत्या तेलात तळले आहे हे विचारत नाही. १९३७ साली बाजारात आलेल्या डालड्याने स्वस्त तुपाची सोय केली, पण अर्धवट हायड्रोजनीकरण केलेल्या तेलातली ट्रान्स चरबी एलडीएल वाढवते आणि एचडीएल उतरवते. भारतात तिची मर्यादा जानेवारी २०२२पासून २ टक्क्यांवर आणली गेली. ताट बदलले तर काय घडते याचे उदाहरण फिनलंडच्या नॉर्थ करेलिया भागात आहे. लोण्यावर वाढलेल्या त्या मुलखात १९७२ साली पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखाली घरोघरी मोहीम सुरू झाली, आणि चार दशकांत मध्यमवयीन पुरुषांतले हृदयमृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. तिथले हिवाळे मात्र तेवढेच लांब आणि अंधारे राहिले.

दुसरे खाते हालचालीचे. १९५३ साली जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसच्या चालकांची आणि वाहकांची तुलना केली. दिवसभर जिना चढणाऱ्या वाहकांत हृदयविकार कमी होता, बसून राहणाऱ्या चालकांत जास्त. चालण्याने एलडीएल फारसे उतरत नाही, हे आधीच सांगून ठेवलेले बरे. ट्रायग्लिसराइड उतरते, एचडीएल थोडे सुधारते, रक्तदाब आणि साखर ताब्यात राहते, आणि आपल्या रक्ताचा मुख्य बिघाड तिथेच आहे. तिसरे खाते तंबाखूचे. जुनी माणसे काटक होती असे म्हणताना त्यांची बिडी, तपकीर आणि आजीची मिश्री आपण सोयीने विसरतो. जुन्या राहणीतले सगळेच उचलण्यासारखे नव्हते.

तपासणीच्या बाबतीत चार गोष्टी एवढ्यातच सांगून टाकतो. तुलना करायची असेल तर दरवर्षी साधारण त्याच महिन्यात, शक्यतो त्याच लॅबमध्ये तपासावे. सुईपूर्वी दहा-पंधरा मिनिटे शांत बसावे, कारण उभे राहून आणि आडवे पडून घेतलेल्या नमुन्यांत दहा टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो. परदेशस्थ मंडळी डिसेंबरात भारतात येतात आणि लग्न, हुरडा पार्टी, नातेवाइकांकडची जेवणे यांच्या मधल्या एका सकाळी ‘फुल बॉडी चेकअप’ उरकतात. तो रिपोर्ट सुट्टीचा असतो, माणसाचा नव्हे. घरात कोणाला कमी वयात झटका आला असेल तर मात्र ऋतूची, सवडीची वाट पाहू नये. एलडीएल अकारण उंच असेल तर थायरॉइडही तपासावा.

सर्वांत महत्त्वाचे: ऋतूचा फरक चार-पाच मिलिग्रॅमचा, स्टॅटिनचा परिणाम ३० ते ५० टक्क्यांचा. उन्हाळ्यात आकडा उतरला म्हणून गोळी सोडणे, किंवा ‘थंडीमुळे वाढलंय’ म्हणून १९०चे एलडीएल दुर्लक्षिणे, दोन्ही अंगाशी येते. आणि छातीत जडपणा, घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, चार पावलांत धाप, यांतले काही झाले तर ‘गॅस झालाय’ म्हणून सोडा-जिरे घेऊन पडून राहू नये. झटक्यातले पहिले तास पैशांनी परत मिळत नाहीत. पहाटेचे फिरणे सोडायची गरज नाही. थंडीत ऊन वर आल्यावर निघावे, कानटोपी घालावी, पहिली दहा मिनिटे सपाटीवर चालावे आणि मग चढाला लागावे.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे. पहिल्या भागात रिपोर्टवरची प्रत्येक ओळ, दुसऱ्यात हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळा, तिसऱ्यात स्वयंपाकघर, चौथ्यात हालचाल, झोप आणि ताण, आणि शेवटी औषधांविषयी रुग्ण विचारतात ते प्रश्न. पाककृती दिल्या आहेत त्या सणांच्याच आहेत, कारण सण बंद करा असे सांगणारे पुस्तक महाराष्ट्रात कोणी दुसऱ्यांदा उघडणार नाही. हे पुस्तक डॉक्टरांची जागा घेणार नाही. डॉक्टरांसमोरच्या त्या पाच मिनिटांत नेमके काय विचारायचे, एवढे त्यातून कळले तरी पुरे.

वाचकाला एकच विनंती. कपाटातल्या फायलीत गेल्या काही वर्षांचे रिपोर्ट असतील, तर ते तारखेप्रमाणे लावावेत. प्रत्येकावर महिना पाहून तेव्हा घरात काय चालले होते ते शेजारी लिहावे: लग्न, आजार, परीक्षा, सुट्टी, बंद पडलेले फिरणे. एकूणातून एचडीएल वजा करून नॉन-एचडीएल प्रत्येक कागदावर मांडावे. मग पहिले प्रकरण उघडावे.